इवाओचं ताट

डिसेंबरातली पहिली गडगड झाली आणि मात्सुनोनं कानांवर हात ठेवले. एरवी हीच गडगड ऐकायला अख्खं गाव कान टवकारून बसलेलं असतं. ढग गरजले, समुद्र खवळला, की हाताहाता मासा अंडी घालायला थेट किनाऱ्यालगतच्या शेवाळात घुसतो. वर्षातून एकदाच, तेही थोडे दिवस. मग जपानमधल्या आकिताच्या या किनाऱ्यावर कुठल्याच घरात चुलीवर दुसरं काही चढत नाही. मात्सुनोची साठ वर्षं या गडगडीची वाट बघण्यात गेली होती. या वर्षी मात्र तिला वाटत होतं, न येवो मेला तो मासा. जिथे आहे तिथेच बुडून राहो.

"आई! ऐकलंत का?" तिची सून तोशी हातातला झाडू टाकून धावत आत आली. "गडगडलं! हे म्हणाले होते ना, हाताहाताच्या आधी घरी येतो म्हणून? आता बघाच तुम्ही."

"मला कान आहेत अजून," मात्सुनो म्हणाली. "तो झाडू उचल आधी. पायात येईल कोणाच्या तरी."

"कोणाच्या येणार? दोघीच तर आहोत."

एवढं बोलून तोशी हसली आणि खोकी आणायला किनाऱ्याकडे पळाली. पळत काय, नाचतच गेली म्हणा. मात्सुनो चुलीजवळ बसून राहिली. कमरेत ठणका होता, पण आज तो कमरेचा नव्हता.

इवाओ हा मात्सुनोचा एकुलता एक मुलगा. सप्टेंबरात तो मोठ्या बोटीवर उत्तरेला गेला आणि बोट वादळात सापडली. ती बातमी घेऊन गावातले लोक आले तेव्हा मात्सुनो अंगणात मुळे धूत होती. चांगली बातमी असली की माणसं लांबूनच हाका मारत येतात. हे लोक न बोलता आले, दाराशी थांबले आणि त्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. तिथेच तिला सगळं कळलं. पुढे तिघांची प्रेतं वाहून आली, इवाओचं आलं नाही. सापडला नाही म्हणजे गेला नाही, असं तोशीनं मनाशी घट्ट धरलं, आणि त्याच दिवसापासून ती त्याचं ताट वाढायला लागली.

समुद्रावर गेलेल्या माणसाचं ताट घरी वाढायचं, ही त्या गावातली जुनी रीत. घरात जे शिजेल ते सगळं त्याच्या जागेवर मांडायचं. भात, लोणचं, मासा आणि झाकण घातलेल्या लाखेच्या वाडग्यात गरम सूप. जेवणं झाली की बायकोनं ते झाकण उचलायचं. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरलेले असले तर माणूस सुखरूप आहे. कोरडं निघालं तर काय, ते कोणी तोंडानं बोलत नाही. ताटात मासा मात्र हवाच, कारण ताट जिवंत माणसाचं. मेलेल्याच्या ताटात मासा नसतो, नुसता भात असतो आणि भातात उभ्या खोचलेल्या जेवायच्या काड्या. एखाद्या पोरानं जेवताना चुकून काड्या अशा उभ्या खोचल्या, तर आई त्याच्या पाठीत धपाटा घालते.

पहिले काही दिवस थेंब नीट आले. मग थंडी सुरू झाली. तोशी जेवताना रडत बसायची, तोवर सूप निवून जायचं आणि झाकण कोमट, नुसतं धुरकट निघायचं. तोशीनं दोन दिवस अन्न सोडलं. तिसऱ्या दिवशी मात्सुनोनं झाकण मागच्या ओट्यावर गार पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलं, वाढायच्या वेळी पुसून घेतलं आणि सूप उकळत असतानाच वाडग्यात ओतलं. झाकण उचललं तर थेंब असे टपोरे, की ताटात गळायला लागले. "आई, बघा! बघा ना!" म्हणत तोशीनं ते झाकण छातीशी धरलं आणि दोन वाडगे भात खाल्ला. त्या दिवशी मात्सुनोनं केलं ते मायेनंच केलं, यात शंका नाही. पण पुढचं मायेनं केलं असं कोणी म्हणू नये.

पुढचं असं, की ऑक्टोबर संपता संपता म्हाताऱ्या तोकुजिरोच्या जाळ्यात एक रबरी बूट आला. टाचेला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ होतं. ते मात्सुनोनं स्वतः चिकटवलेलं होतं. बूट रिकामा नव्हता.

तोकुजिरो तो पोत्यात गुंडाळून मागच्या दारानं घेऊन आला, तेव्हा तोशी घरात नव्हती. "वहिनी," तो म्हणाला, आणि पुढे त्याला बोलवेना. मात्सुनोनं पोतं हातात घेतलं, उघडलं, बंद केलं. "तोशीला मी सांगते," ती म्हणाली. "बाईमाणसानं सांगितलेलं बरं. तुम्ही कुठे बोलू नका." तो बिचारा मान हलवून गेला. घराच्या मागे मिठाची खोली आहे, खारवायची पिंपं ठेवायची. तिथल्या मातीच्या जमिनीत तिनं मुलाला पुरलं. मुलाचं जेवढं मिळालं तेवढं.

सांगणार होती ती. त्याच दिवशी सांगणार होती. पण संध्याकाळी तोशीचा भाऊ शोहेई आला. त्यानं चहा घेतला, घसा साफ केला आणि म्हणाला, नोशिरोत एक सुतार आहे, बायको वारलेली, मूलबाळ नाही, दारू पीत नाही. "तोशी अजून तीसचीसुद्धा नाही, मावशी. तिचं आयुष्य पडलंय पुढे. इवाओचं काय ते एकदा ठरलं, की मी तिला घेऊन जातो."

मात्सुनोनं तेव्हा तोशीकडे बघितलं, आणि मग आपल्या गुडघ्यांकडे. ही गेली की या घरात कोण? बर्फ कोण उपसणार, रात्री कण्हलं तर "काय झालं आई?" असं कोण विचारणार? तोशी म्हणाली, "दादा, झाकण ओलं आहे." शोहेईनं सासूकडे बघितलं. आता तिनं फक्त तोंड उघडायचं होतं. पण सासू म्हणाली, "हो ना. रोज ओलं असतं." वाऱ्याच्या तोंडावर दिवा विझतो तसा तो विषय विझला. शोहेई जाताना एवढंच म्हणाला, "सुतार नवीन वर्षापर्यंत थांबेल. जास्त नाही."

बर्फ वितळलं की सांगू, असं मात्सुनोनं स्वतःला बजावलं. अजून बर्फ पडलंही नव्हतं तेव्हा!

पण मुलाला उपाशी ठेवायचं कसं? आई होती ती. रोज सकाळी तोशी पाणी भरायला गेली, की ती भाताचा एक लहान वाडगा मिठाच्या खोलीत न्यायची, त्यात काड्या उभ्या खोचायची आणि हात जोडायची. म्हणजे एकाच मुलाची एकाच घरात दोन ताटं झाली. एक पुढच्या खोलीत मासा घालून, एक मागे माशाशिवाय. सुनेला एक माहीत, सासूला दोन्ही.

तर असा तो हाताहाताचा दिवस. तोशी अजून किनाऱ्यावर होती, तेवढ्यात तोकुजिरो एक खोकं खांद्यावर घेऊन आला. दाढीला बर्फ चिकटलेलं.

"घ्या वहिनी. सगळ्या माद्या आहेत, पोटं बघा कशी टम्म." खोकं खाली ठेवून तो उभाच राहिला. "ती पोरगी किनाऱ्यावर सगळ्यांना सांगत सुटलीय की आज-उद्या इवाओ येणार. बायका तोंडं फिरवतायत. तुम्ही तिला सांगितलंत ना?"

"सांगते."

"सांगते? अहो, महिना उलटून गेला!"

"ओरडू नका. सांगते म्हटलं ना."

"मला झोप नाही लागत, मात्सुनो वहिनी. जाळं ओढायला हात धजत नाही." म्हातारा रडवेला झाला होता. "आजच्या आज सांगा. नाहीतर उद्या सकाळी मी येऊन सांगतो. माझ्यावर रागवा, काहीही करा."

"जेवण झालं की सांगते," मात्सुनो म्हणाली, आणि यावेळी ते खरं होतं. निदान तिला तसं वाटत होतं. वर्षाचा पहिला मासा पोरीनं सुखानं खाल्ला की सांगायचं, असं तिनं ठरवलं. पोटात अन्न असलं की माणूस दुःख जरा सोसतो, असा तिचा हिशोब. कसला डोंबलाचा हिशोब!

तोशी आली ती गाल लाल करून, दोन खोकी ढकलगाडीवर घालून. लगेच मासे साफ करायला बसली. हाताहाताला खवले नसतात, बोटांतून सारखा निसटतो. तिनं बर्फगार पाण्यात हात घालून एकेक मासा धुतला, कल्ले काढले, गाबोळी पोटातच ठेवली. चुलीवर कढई चढली. माशाच्या जुन्या खारवणाचा रस, त्यात टोफू, जाड कांद्याची पात. रस उकळला तसा घरभर तो वास सुटला. हा वास आला की इवाओ लहानपणी दारातूनच "आई, मला गाबोळीचा!" म्हणून ओरडायचा.

"हा ह्यांना," तोशीनं सगळ्यात जाडजूड मासा झाऱ्यानं उचलला. "ही बघा गाबोळी! दाताखाली फुटेल तेव्हा शेजारच्या घरात ऐकू जाईल."

"तू घे तो."

"मी? छे! आले आणि विचारलं, माझा वाटा कोणी खाल्ला, तर? मी सांगेन आईंनी खाल्ला."

मात्सुनोला हसावं लागलं. ती बादलीतलं झाकण आणायला मागे गेली. ओट्यावर बर्फ आडवं उडत होतं, समोरचं झाडही दिसत नव्हतं. तिनं झाकण बाहीनं पुसलं. आजचं शेवटचं, ती स्वतःशी म्हणाली.

दोघी जेवायला बसल्या. तोशीनं माशाचं शेपूट मोडलं, अंगठ्यानं पाठ दाबली आणि डोक्याला धरून अख्खा काटा एका झटक्यात ओढून काढला. हे तिला इवाओनं शिकवलेलं. लग्न होऊन आली तेव्हा तिला जमत नव्हतं, तर तो हसून लोळायचा. गाबोळी कराकरा चावत ती बोलत होती आणि मात्सुनो आपल्या वाडग्यातला मासा काड्यांनी नुसता उलटापालटा करत होती. मग तोशीनं हात पुसले, इवाओच्या जागेसमोर नीट बसली आणि झाकण उचललं. थेंब टपटप पडले.

"आलेच म्हणून समजा," ती हळूच म्हणाली.

मात्सुनोनं तोंड उघडलं. "तोशी, ऐक—"

"आधी मीठ लावायला हवं, आई. दोन खोकी तशीच पडलीत. पिंप आणते मागून."

"मी आणते! तू बस." मात्सुनो उठायला गेली आणि कमरेत अशी कळ आली, की ती जमिनीवर हात टेकून तशीच राहिली. "तोशी! थांब, मी म्हणते ना!"

"तुम्ही आणणार पिंप? कमाल आहे!" तोशी हसत मागे गेली.

खूप वेळ काही आवाज आला नाही. मग पावलं आली. तोशीच्या हातात पिंप नव्हतं, लहान वाडगा होता. भातात काड्या उभ्या. तिनं तो आणून इवाओच्या ताटाशेजारी ठेवला. एकीकडे वाफाळता मासा, एकीकडे तो भात.

"भात ताजा आहे," ती म्हणाली. "आज सकाळचा."

तिनं आधी माशाकडे बोट केलं, मग भाताकडे.

"ह्यातलं कुठलं जेवतात ते, आई? हे की हे?"

"तोशी, मी आत्ता सांगणारच होते."

"कधीपासून?"

"ऑक्टोबर. तोकुजिरोच्या जाळ्यात बूट आला. ठिगळाचा." म्हातारीचा आवाज फुटला. "बूट रिकामा नव्हता गं."

तोशीनं ते ऐकून घेतलं. रडली नाही. तिची नजर मागच्या ओट्याकडे गेली, तिथल्या बादलीकडे, मग ताटात पडलेल्या झाकणाकडे. बाई शहाणी होती, तिला समजायला वेळ लागला नाही.

"दादाला मी काय म्हटलं? झाकण ओलं आहे म्हटलं. तुम्ही शेजारी बसला होतात. तुम्ही 'हो' म्हणालात." तिनं तोंडावर हात ठेवला. "मी मेलेल्या नवऱ्याला रोज मासा वाढला. त्याचं सुतक पाळायचं सोडून मी रोज मासे खाल्ले. आत्ता खाल्ला! हसत हसत खाल्ला मी!"

ती धावत ओट्यावर गेली, घशात बोटं घातली आणि सगळं बर्फात ओकली. गाबोळी, भात, सगळं. ओकून ओकून नुसतं पाणी येईपर्यंत ओकत राहिली. मात्सुनो रांगत तिच्यापर्यंत गेली आणि पाठीवर हात ठेवला. तोशीनं तो झटकला नाही. नुसती बाजूला सरकली.

मग तिनं पायांत बूट घातले, डोक्याला शाल गुंडाळली.

"कुठे चाललीस? बसगाड्या बंद आहेत."

"दादाकडे. चालत जाईन."

"वेड लागलंय का? बाहेर बघ तरी! वाटेतल्या टेकाडावर वारा माणसाला उभं राहू देणार नाही. आणि दोन तासांत अंधार पडेल. उद्या जा गं. उद्या मी स्वतः शोहेईला बोलावते, त्याच्या पाया पडते."

"उद्या?" तोशी दारात वळली. "उद्यापर्यंत तुम्ही आणखी काहीतरी ओलं करून ठेवाल."

दार लागलं. मात्सुनोनं ते पुन्हा उघडलं, हाका मारल्या, "तोशी! तोशी गं!" वाऱ्यानं त्या हाका तिच्याच तोंडात कोंबल्या. तोशीची पाठ थोडी दिसली, मग दिसेनाशी झाली. शेजारी धावायला हवं होतं तिनं, माणसं गोळा करायला हवी होती. पण काय सांगणार? सून का गेली म्हणून कोणी विचारलं तर? ही लाज तिला त्या घडीलाही सुटली नाही. भाऊ जवळ आहे, वाट तिच्या पायाखालची आहे, पोचेल ती, असं म्हणत म्हातारी चुलीजवळ बसून राहिली. कढईतले मासे फुटून त्यांचा लगदा झाला तरी तिनं कढई उतरवली नाही.

सकाळी वादळ थांबलं. मात्सुनो काठी टेकत, पडत-उठत मच्छीमार सोसायटीत पोचली. तोकुजिरो तिच्याकडेच यायला निघाला होता. तिनं त्याला सगळं सांगितलं, चारचौघांत, काही न लपवता. आता लपवून काय करायचं होतं? त्यानं टेलिफोन फिरवला. शोहेईच्या गावच्या दुकानात फोन लागला, माणूस शोहेईला बोलवायला गेला, शोहेई आला. तोकुजिरो थोडा वेळ ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "नाही? रात्री नाही आली?"

कोणी मात्सुनोला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. माणसांनी लांब काठ्या घेतल्या, दोर घेतले आणि सगळी टेकाडाच्या वाटेनं गेली. "वहिनी, तुम्ही घरी जा," तोकुजिरो म्हणाला. "चूल पेटती ठेवा. ती आली तर ऊब लागेल."

मात्सुनो घरी आली. चूल पेटवली. खोक्यातले मासे रात्रीत गोठले होते, तिनं त्यातली सगळ्यात टम्म मादी निवडली. धुतली, कल्ले काढले, गाबोळी पोटात ठेवली. रस, टोफू, पात. काम चुकलं नाही. मग तिनं तोशीच्या जागेवर ताट मांडलं. भात, लोणचं, मधोमध मासा. काड्या आडव्या, नीट. जिवंत माणसाच्या.

झाकण घ्यायला तिचा हात सवयीनं ओट्याकडे गेला. तिनं तो मागे घेतला. फळीवरचं कोरडं झाकण घेतलं, वाडग्यावर ठेवलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला त्या झाकणाला खरंच काही विचारायचं होतं.

"पोरी, एकदा ये," ती म्हणाली. "मग जा सुताराकडे. मी स्वतः तुझं सामान बांधते. काय हवं ते बोल मला, पण ये."

तिनं झाकण उचललं. आत थेंब होते. बारीक, दाट, आणि एक मोठा होऊन खाली ओघळला. क्षणभर म्हातारी दाराकडे वळलीसुद्धा. मग तिला सूप दिसलं, त्याची वाफ दिसली. गरम सुपावर झाकण ठेवलं की पाणी धरणारच. हे तिच्याइतकं गावात कोणाला माहीत होतं? तरी ती ते झाकण हातात धरून बघत राहिली. एकदा तरी खरं बोल, म्हणत राहिली.

दुपार कलली तेव्हा बर्फात पावलांचा आवाज आला. खूप पावलं, जड, काहीतरी तोलून आणणाऱ्या माणसांची असतात तशी. मात्सुनो जिथे होती तिथेच बसली. ती हाकेची वाट बघत होती. "वहिनी, सापडली हो!" अशी लांबून येणारी एक हाक. तोकुजिरोचा आवाज केवढा मोठा, तो वेशीपासून ओरडला असता तरी ऐकू आलं असतं.

पावलं अंगणात आली. कोणी बोललं नाही. पावलं दाराशी थांबली.

मात्सुनोनं हात पुढे केला, तोशीच्या ताटातला मासा उचलला आणि परत कढईत टाकला. मग तिनं काड्या घेतल्या, भातात उभ्या खोचल्या आणि दार उघडायला उठली.